मनोरीचं वारं

खाडीपलीकडच्या मनोरी गावात दोन दिवस राहून आल्यापासून जयवंतच्या तोंडी दुसरा विषयच नव्हता. बोरीवलीच्या त्याच्या घरी रंगीत टीव्हीवर सिनेमा बघायला शेजारी जमले, तर आवाज बारीक करून तो त्यांनाही सांगू लागला, "मार्व्याला होडीत बसलं की वेगळंच जग, यार. गाडी नाही, हॉर्न नाही. माणसं आपली पायी चालतात. झकास." त्याला स्वतःत एक ऋषी सापडला होता आणि तो ऋषी काही केल्या गप्प बसत नव्हता.

त्याच आठवड्यात त्याच्या कोकणातल्या गावच्या मुंबई मंडळाची सभा भरली. वाडीपर्यंत रस्ता व्हावा म्हणून सरकारकडे अर्ज करायचा होता, आणि त्यासाठी चुलतभाऊ राजाराम मुद्दाम गावाहून एसटीने आला होता.

जयवंत उभा राहिला.

"माझा विरोध आहे. रस्ता आला की गाड्या आल्या, धूळ आली. शहरातला माणूस अशा शांततेसाठी तडफडतो, आणि तुम्ही ती हातची घालवताय? वाडी आहे तशीच राहू दे."

एवढं बोलून तो ऐटीत खाली बसला.

राजारामने मान डोलावत सगळं ऐकून घेतलं. मग पान चघळत सावकाश म्हणाला,



"बरा, जयवंता. मग यंदा गणपतीक येतलंस मा? वाडीपर्यंत गाडी येणा नाय म्हणान तू दरवर्सा येवचा टाळतंस."