काळी न झालेली बाटली

बाटली काळी झाली नव्हती. सुबोध सरांनी ती खिडकीशी धरली, हलवली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. आतलं पाणी ढिम्म पिवळंच.

दुधनीजवळच्या आपल्या गावातल्या ओढ्याचं पाणी मुलांनी शनिवारी भरलं होतं. पाणी घाण असलं, तर बाटलीतल्या पिवळ्या औषधानं ते सोमवारपर्यंत काळं पडतं. गेल्या वर्षी नऊच्या नऊ बाटल्या शाईसारख्या झाल्या होत्या. त्या नऊ बाटल्यांवर सर तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात पहिले आले. मुलंही आली होती, पण फोटोत मागं. यंदा सोलापुरात जिल्ह्याची ढाल आपलीच, असं सरांनी सासुरवाडीलासुद्धा कळवून टाकलं होतं. जिल्ह्याचं प्रदर्शन गुरुवारी होतं.

“एक बाटली धड भरता येत नाही तुम्हाला?” सर आठवीतल्या पायलवर खेकसले. “कुठं बुडवली होतीस?”

“पुलाखाली, सर. दर खेपेला तितंच बुडवतो की.”

“मग काळी का नाही झाली?”

“पाणी सुधारलं, सर!” पायलला हसू आवरेना. “आमी त्या काळ्या बाटल्या दारोदार दाखवल्या. निंगप्पाआज्जा म्हनले, ‘ही घाण माज्या मोरीची व्हय?’ लई लाजले. दुसऱ्या दिवशी सोताच शोषखड्डा खणला. मग समद्यांनीच खणले. सांडपाणी आता दारातच मुरतंय, वड्यात येतच न्हाय.”

सरांनी कपाळाला हात लावला. ओढा असा ऐन वेळी दगा देईल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

“हे उद्योग कुणी सांगितले होते?”

“तुमीच की. गेल्या वर्षी तक्त्यावर खाली लिवून दिलं होतं. उपाय म्हणून.”

“अगं, ते तक्त्यावर लिहायचं असतं!”

सरांनी उठून दार लोटलं आणि कोरी बाटली पायलच्या हातात कोंबली. आवाजात एकाएकी साखर आली.

“हे बघ बाळ, ढाल पाहिजे ना शाळेला? मग पळ. गावातल्या कुठल्याही गटारीतून भरून आण. ओढ्याची चिठ्ठी मी चिकटवतो.”

पायल जागची हलली नाही. मुलं एकमेकांकडे बघू लागली.

“आता काय?” सरांनी विचारलं.

“सर, गावात उघडी गटार एकच उरलीय,” ती म्हणाली. “आपल्या शाळेची.”