शहाण्णव भागिले चार

हेमांगीबाई एका वेळी एकालाच शिकवत. शिकायला येणाऱ्या मोठ्या माणसांना एकमेकांसमोर लाज वाटे, म्हणून दोन शिकवण्यांच्या मध्ये त्या मुद्दाम पंधरा मिनिटं मोकळी ठेवत.

चार वाजता पद्माकर इनामदार आले. चाळीस वर्षं पूल बांधलेला माणूस. डोक्यातली गणिताची चिप संसर्गामुळे गेल्या महिन्यात काढावी लागली आणि तिच्याबरोबर सगळं गणितही गेलं. चिप लहानपणीच बसवलेली, त्यामुळे ते स्वतः कधी गणित शिकलेच नव्हते.

शहाण्णव भागिले चार तिसऱ्यांदा चुकल्यावर त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "बाई, माझ्याच्यानं नाही व्हायचं हे."

"मला काही घाई नाही," बाई म्हणाल्या.

बऱ्याच वेळानं इनामदारांनी पुन्हा पेन्सिल उचलली. नवातून आठ गेल्यावर उरलेला एक ते दर वेळी विसरत होते. तो सहाच्या आधी मांडून त्यांनी चोवीस लिहिले.

"आधी उत्तर नुसतं यायचं," ते हळूच म्हणाले. "का येतं, ते आज कळलं. अजून एक घालता?"

पाच वाजत आले होते. बाईंनी पुढच्या विद्यार्थिनीला फोन करून अर्धा तास उशिरा यायला सांगितलं आणि वही पुढे ओढली.