मिनिटाला चार थेंब

“शाफ्टपाशी पाणी झिरपतंय,” वैजयंती म्हणाली, आणि नियंत्रण कक्षात सगळ्यांचे हात थांबले.

गुरूच्या युरोपा या चंद्रावर, बर्फाखालच्या समुद्रात, आज पहिल्यांदाच माणसाने बनवलेली होडी उतरली होती. तिचा संदेश इथे पोचायला पाऊण तास लागत होता. काही बिघडलं असलंच, तर ते केव्हाच बिघडून गेलेलं होतं.

मागे बसलेल्या सोलकरचाचांनी मान वर केली. हर्णै बंदरात चाळीस वर्षं त्यांनी मासेमारीच्या लाँचची इंजिनं दुरुस्त केली होती. या होडीच्या पंख्याचा शाफ्ट जिथून बाहेर पाण्यात जातो, ती जागा शास्त्रज्ञांनी आधी कडेकोट बंद केली होती. चाचणीच्या टाकीत शाफ्ट दर वेळी तापून अडकला. शेवटी चाचांनी तिथलं पॅकिंग, म्हणजे शाफ्टभोवती पाणी अडवणारी घट्ट गुंडाळी, स्वतःच्या हाताने थोडं सैल केलं होतं.

“किती थेंब?” त्यांनी विचारलं.

“मिनिटाला चार.”

“मग बरोबर आहे, बाय. त्या थेंबांनीच शाफ्ट गार राहतो. फिरतोय ना?”

“फिरतोय, चाचा.”

चाचा उठून पडद्याजवळ आले. लाँचमध्ये असा थेंब दिसला की ते बोटावर घेऊन चाखत. इंजिनाचं गोडं पाणी की समुद्राचं, ते लगेच कळे.

“चव कशी आहे?”

वैजयंतीने थेंबाच्या तपासणीचे आकडे उघडले. ते तिने दोनदा वाचले.

“खारट,” ती हळूच म्हणाली.

चाचांनी नकळत बोट जिभेला लावलं.