रेघेबाहेरचा लाल
लाल शाई. थिएटरमधले गरम शेंगदाणे. रविवारची पुरवणी. एका मुलीचा फ्रॉक. वृत्तपत्रातल्या चित्रकथेतली चिमुकली बुंदी पडद्यावर धावत आली आणि छापखान्यातले निवृत्त मुजावरचाचा खुर्चीत आक्रसले. त्यांच्या यंत्रावर लाल रंग नेहमी सरकायचा आणि बुंदीच्या फ्रॉकबाहेर उजवीकडे सांडायचा. सिनेमावाल्यांनी तेच खरं मानून उजवीकडे लाल झालर शिवली होती. “सर, माझी चूक शिवलीया ओ यांनी,” ते शेजारी बसलेल्या, बुंदीची चित्रं काढणाऱ्या चित्रकाराजवळ पुटपुटले. “आता सगळ्यांस्नी कळणार.” “कळू दे की. मागं बघा.” मागच्या रांगेत तशाच फ्रॉकमधली चिमुरडी आईवर खेकसत होती, “झालर डावीकडं कशाला लावलीस? बुंदीची उजवीकडं असती!” “कोण बघतंय तुझी झालर?” आई म्हणाली. चाचा उठले. टोपी सारखी करत म्हणाले, “ताई, उजवीकडंच. लेकरू बरोबर बोलतंय. मीच छापायचो.” तेवीस वर्षांत चित्रकथेखाली छापणाऱ्याचं नाव एकदाही आलं नव्हतं.