काचेतला नंदी

तान्ह्या पोळ्याच्या दुपारी बंडोपंत झोपून उठले, तर काचेच्या कपाटातला पितळी नंदी जागेवर नव्हता. सिंदीच्या भांडेवाल्याकडे मोडीत निघालेला हा जुना ओतीव नंदी त्यांनी हट्टानं घरी आणला होता. चिंच लावून लावून उजळवला होता. पायांना पडलेली चार भोकं तर रंगारी वापरतात ती लांबी भरून अशी बुजवली होती, की दाखवूनही कुणाला सापडत नसत. नात इला रोज मागायची, पण तिलाही तो काचेबाहेरूनच बघायची परवानगी होती.

घरात ना बायको, ना नात. बंडोपंत अनवाणीच मैदानाकडे धावले. पोरांच्या लाकडी नंद्यांच्या रांगेत त्यांचा नंदी मातीतून खडखडत चालला होता आणि दोरी इलाच्या हातात होती. शेजारून त्यांची बायको सुमित्राबाई चालत होत्या.

"पाय मोडला असता म्हणजे?" बंडोपंत धापा टाकत म्हणाले. "किती जपलं मी त्याले, सुमित्रा."

सुमित्राबाईंनी नंदी उचलून त्याचे पाय त्यांच्यापुढे धरले.

"भोकातली लांबी मीच कोरून काढली. चाकं कुठं बसवाची होती मंग?"