नाव आणि पत्ता

"खाली बस, पोरी!" मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं आणि अख्खं सभागृह हसलं.

पालिकेची नियोजन अधिकारी येसेनिया तमायो माईकपाशी तशीच उभी राहिली. पडद्यावर नकाशा होता. सेडर मेसा गावातल्या बंद पडलेल्या बोलिंग खेळाच्या हॉलच्या जागेवर तीन मजले, चाळीस घरं. कमी पगारवाल्यांसाठी. विरोधकांची पुढारी लोर्ना ब्रँडव्होल्ड हिच्या अगदी दारासमोर, रस्ता ओलांडला की.

"चांगल्या वस्तीतही त्यांना जागा करून द्यायची, हे पालिकेचं कर्तव्य आहे," तमायो म्हणाली. "कॅलिफोर्नियाचा कायदाच आहे. आज शेवटची तारीख. आराखडा आज मंजूर झाला नाही, तर—"

"तर काय, फासावर चढवणार?" लोर्ना बसल्या जागेवरून गरजली. मग जो गोंगाट उठला त्यात तमायोचं वाक्य बुडालंच.

लोर्नाच्या शेजारी एमेट बसला होता, मांडीवर थर्मास घेऊन. शाळेची बस चालवायचा. सारखा जांभया द्यायचा, पण सभा एकही चुकवली नव्हती त्यानं. एमेट काळा होता, आणि हे लोर्नाला फार सोयीचं वाटायचं. "आम्ही रंग बघून विरोध करतो म्हणणाऱ्यांना आमचा एमेट दाखवा," ती सगळ्यांना सांगायची.

माईकवर जायचं तर आधी नाव आणि पत्ता सांगावा लागे. मग तीन मिनिटं मिळत. बोलायचं नसेल तर नुसता हात वर करून आपली मिनिटं दुसऱ्याला देता येत. एमेट आपली दरवेळी लोर्नाला द्यायचा.

"तुम्हीच बोला. मला नाही जमत ते."

आजही तिनं त्याची मिनिटं घेतली. "लोर्ना ब्रँडव्होल्ड, सतरा, क्वेल लेन. ही माणसं आमच्याकडे कामाला येतात, येऊ देत की! पण संध्याकाळी आपापल्या घरी जावं त्यांनी. आम्ही इथं राहायला कष्ट केलेत."

एमेट थर्मासचं झाकण घट्ट करत राहिला.

महापौर हॅस्केल कपाळ पुसत म्हणाले, "मधला मार्ग काढू. दोन मजले, वीस घरं. लोर्ना, एवढं तरी?"

लोर्ना घुटमळली. वीस म्हणजे निम्मीच. पुढं झाडं लावली तर दिसणारही नाहीत.

एमेट तिच्या कानाशी वाकला. "आत्ता वाकलात तर संपलं. एकही नको म्हणा."

"एकही नको!" लोर्ना ओरडली. "एकही नको!" सभागृहानं ते उचलून धरलं.

आराखडा पडला. नगरसेवकांत बाजूनं एकच हात वर झाला होता, तोही अर्धाच.

"जा आता, रडत बस घरी," तमायो नकाशा गुंडाळत होती तेव्हा लोर्ना तिला म्हणाली. तमायोनं फक्त घड्याळाकडे पाहिलं.

बाहेर एमेट गाडीचं दार उघडत होता. मागच्या सीटवर उशी, चादर, बस चालवायचा इस्त्रीचा शर्ट.

"रविवारी आमच्याकडे बार्बेक्यू आहे. तुम्ही यायचंच," लोर्ना म्हणाली. खुशीत होती. "आणि काय हो, तुमचं घर नक्की कुठल्या रस्त्याला? कधी सांगितलंच नाहीत."

"त्या पोरीचं वाक्य तुम्ही पुरं होऊ दिलं नाहीत," एमेट म्हणाला. "आज मंजूर झालं नाही, तर कायद्यानं बांधणाऱ्याला गावाला विचारावं लागत नाही. मजले किती, तेही तोच ठरवतो."

"बांधणारा कोण?"

"आमचं चर्च. बोलिंगची जागा वसंतातच घेतली. अर्ज उद्या सकाळी जाईल."

एमेट गाडीत बसला, काच खाली केली.

"पत्ता विचारत होतात ना? तुमच्या समोरच. नववा मजला."