छत्रीवालं कासव

पुरुषोत्तमराव उठले, ऊन ओलांडून गेले आणि त्या जाकीटवाल्या माणसाच्या शेजारी, त्याच्याच बाकावर जाऊन बसले.

जाकिटावर बोट टेकवायला जागा नव्हती, इतक्या पिना; अमेरिकेतल्या या करमणूक पार्कात पोरं आपसात बदलून जमवतात, त्या बिल्ल्यांसारख्या. बाकावर वहीसारखी पानं असलेली त्याची कापडी बॅग उघडी पसरलेली, तिच्यातही पिनाच पिना. सकाळी आठ वर्षांच्या अबोलीने इथेच आपली छत्रीवाल्या कासवाची पिन देऊन त्याच्याकडून तीन चकचकीत पिना घेतल्या होत्या. एकाच्या बदल्यात तीन! नाचतच आली होती. मग त्यातली एक बदलायला ती पार्कच्या कर्मचारी मुलीकडे गेली. या कर्मचाऱ्यांच्या गळ्यातल्या पट्ट्यांवर पिना लावलेल्या असतात. पोराने पार्कची कुठलीही पिन पुढे केली, की त्यांनी बदलून द्यायचीच. नाही म्हणायचं नाही, असा नियम. त्या मुलीने पिन उलटी केली. मागे पार्कचा शिक्का नव्हता. दुसरीवर नव्हता, तिसरीवरही नव्हता. "सॉरी स्वीटी, या आमच्या नाहीत," ती म्हणाली. अबोलीने तिन्ही पिना आजोबांच्या हातात ठेवल्या.

राजस, तिचा बाबा, जाकीटवाल्याशी बोलून आला होता. "ट्रेड इज ट्रेड, म्हणतो. जाऊ द्या ना बाबा. तिला दुसरी घेऊ."

"तिला दुसरी नकोय," पुरुषोत्तमराव म्हणाले होते, आणि उठले होते.

जन्मात त्यांनी कधी घोषणा दिली नव्हती. दुकानात सुटे कमी आले तरी ते तसेच परत येत.

गळ्यात पिनांची पट्टी घातलेली एक ठिपकेदार गालांची छोटी मुलगी बाकाजवळ आली. जाकीटवाल्याने हसून तिच्यासमोर एक चमचमता मासा धरला. तिने आपली पिन काढायला हात नेला. पुरुषोत्तमरावांनी इंग्रजी वाक्य मनातल्या मनात दोनदा जुळवून पाहिलं, आणि ते बारीक आवाजात बाहेर पडलं, "प्लीज, फर्स्ट सी द बॅक साइड."

मुलीने मासा उलटा केला. तिच्या आईने वाकून पाहिलं, मग जाकीटवाल्याकडे पाहिलं, आणि मुलीला दंडाला धरून घेऊन गेली.

पाठोपाठ दोघी बहिणी आल्या. वाक्य पुन्हा निघालं. या वेळी आवाज जरा जाड होता.

"तुम्हाला काही प्रॉब्लेम आहे का, मिस्टर?" जाकीटवाल्याने विचारलं.

पुरुषोत्तमरावांनी थोडं सरकून त्याच्या बॅगेला जागा करून दिली.

राजस धावत आला. "बाबा, उठा. लोक बघतायत. ग्रीन कार्डची फाइल अडकलीय माझी, आणि तुम्ही इथे धरणं धरून बसताय? हे काय नागपूरच्या कलेक्टर कचेरीचं गेट आहे का?"

"बाक सगळ्यांचा आहे," पुरुषोत्तमराव म्हणाले.

"आजोबा, इट्स ओके," अबोली म्हणाली. तिच्या डोळ्यांत ओके काहीच नव्हतं.

जाकीटवाल्याने हात हलवून सिक्युरिटीच्या बाईला बोलावलं. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. राजसच्या चेहऱ्याचा रंग उतरला.

"हे गृहस्थ तुमच्या वस्तूंना हात लावतायत?" तिने जाकीटवाल्याला विचारलं.

"नाही. पण हा माझा धंदा—"

"धंदा?" बाईने भुवई वर केली. "इथे धंदा करता तुम्ही, सर?"

"छंद," जाकीटवाला घाईने म्हणाला. "छंद म्हणायचं होतं मला."

बाई पुरुषोत्तमरावांकडे वळली. "आणि तुम्ही, सर? किती वेळ बसणार आहात?"

त्यांनी मान वर केली. "आय ॲम रिटायर्ड, मॅडम."

बाईने ओठ घट्ट मिटून हसू आवरलं. "एन्जॉय युअर डे, जेंटलमेन," म्हणून ती चालती झाली.

आणखी एक मुलगा आला, त्याने पिन उलटी करून पाहिली आणि तो गेला. दुरून येणारं एक कुटुंब जाकीटवाल्याने स्वतःच हात हलवून वाटेला लावलं. मग त्याने बॅगेचं आतलं पान उलटलं, छत्रीवालं कासव उपटून काढलं आणि दोघांच्या मधल्या फळीवर आपटलं.

पुरुषोत्तमरावांनी ते उचललं. उलटं करून शिक्का पाहिला. मग अबोलीला जवळ घेऊन तिच्या पट्टीवर टोचलं आणि मागचं रबरी बूच अंगठ्याने घट्ट दाबलं. खिशातल्या तिन्ही चकचकीत पिना काढून त्यांनी त्याच जागी फळीवर ठेवल्या.

राजसने मोठा श्वास सोडला. "झालं एकदाचं. चला."

पुरुषोत्तमराव उठले नाहीत. उलट पाठ टेकून नीट बसले.

"बाबा, मिळालं ना आपलं?"

"आपलं मिळालं," ते म्हणाले आणि त्यांनी समोरून येणाऱ्या पोरांकडे पाहिलं.

जाकीटवाल्याने तिन्ही पिना झटकन बॅगेत टाकल्या. "आता काय पाहिजे याला?" तो राजसवर ओरडला. "दिलं ना कासव? काय पाहिजे अजून?"

पुरुषोत्तमरावांना या खेपेला इंग्रजी जुळवावंसं वाटलं नाही. त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून ते मराठीतच म्हणाले, "बसलोय मी."

"काय म्हणाला तो?"

राजसने वडिलांकडे पाहिलं. मग अबोलीकडे. खांद्यावरची सॅक काढून त्याने बाकाशी खाली ठेवली.

"ते म्हणतायत," तो इंग्रजीत म्हणाला, "पार्क बंद व्हायला अजून खूप वेळ आहे. आणि उद्याचीही तिकिटं आहेत आमच्याकडे."